एकच डेव्हलपर, दोन अनुभव

वर्गातल्या आठ गटांनी एकच प्रयोग केला आणि आठ निरनिराळी उत्तरे आली, हा अनुभव कोणाही विज्ञानशिक्षकाला नवा नाही. अशा वेळी आपण बहुधा काय करतो? पुस्तकातल्या उत्तराच्या जवळ गेलेल्या गटाला शाबासकी देतो आणि उरलेल्यांच्या वहीत ‘प्रयोगातील चूक’ असा शेरा मारून मोकळे होतो. ती चूक नेमकी कोणती, याचा शोध घ्यायला तासिकेत वेळ नसतो. परंतु कधी कधी खरे विज्ञान त्या शेऱ्यामागेच दडलेले असते. याचे एक बोलके उदाहरण कृष्णधवल छायाचित्रणात सापडते.

१९९६ साली कोडॅक कंपनीने ‘एक्सटॉल’ नावाचा डेव्हलपर बाजारात आणला. डेव्हलपर म्हणजे कॅमेऱ्यातून काढलेल्या फिल्मवर चित्र उमटवणारे रासायनिक द्रावण. बारीक कण, चांगला तपशील आणि विषारीपणा कमी, असे याचे गुण होते. अनेक छायाचित्रकारांनी तो वापरला, आवडला म्हणून कायमचा धरला. पण त्याच सुमारास दुसऱ्या काही छायाचित्रकारांची अगदी उलटी तक्रार ऐकू येऊ लागली. कालपर्यंत उत्तम चाललेल्या बाटलीतल्या द्रावणात आज फिल्म टाकली, तर ती जवळजवळ कोरीच बाहेर आली! द्रावणाचा रंग बदललेला नाही, वास बदललेला नाही, पूर्वसूचना म्हणून काहीच नाही. या प्रकाराला त्यांनी ‘अचानक मृत्यू’ असे नावच दिले.

एक गट म्हणे, “वर्षानुवर्षे वापरतो आहोत, एकही रोळ वाया गेला नाही.” दुसरा गट म्हणे, “याच्यावर भरवसा ठेवला आणि पुन्हा न मिळणारी चित्रे गमावली.” पहिल्याला दुसरा हलगर्जी वाटे, दुसऱ्याला पहिला केवळ नशीबवान. आमच्या मते दोघेही खरे बोलत होते. दोघांचे अनुभव एकाच रसायनशास्त्रातून कसे निघतात, ते आता पाहू.

डेव्हलपर करतो काय?

फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे (थोड्या आयोडाइडसह) सूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. कॅमेऱ्याची झडप क्षणभर उघडते तेव्हा ज्या स्फटिकांवर पुरेसा प्रकाश पडतो, त्यांच्यात चांदीच्या चार-पाच अणूंचे एक लहानसे बेट तयार होते. हे बेट डोळ्यांना दिसत नाही. म्हणून या चित्राला सुप्त प्रतिमा म्हणतात. डेव्हलपर हा सौम्य क्षपणक असतो. तो स्फटिकातल्या चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतो आणि त्यांची धातुरूप चांदी करतो. चांदीचे बेट असलेल्या स्फटिकात ही क्रिया वेगाने होते, बेट नसलेल्या स्फटिकात फार सावकाश. वेगातल्या या फरकावरच सारे छायाचित्रण उभे आहे. चार अणूंच्या खुणेवरून कोट्यवधी अणूंचा काळा ठिपका तयार होतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. ही शर्यत योग्य क्षणी थांबवावी लागते. लवकर थांबवली तर चित्र फिके राहते, उशिरा थांबवली तर प्रकाश न पडलेले स्फटिकही काळे होऊ लागतात. म्हणजे डेव्हलपरचा ‘जोर’ आधी माहीत असेल तरच वेळ ठरवता येते. आणि एक रोळ एकदाच धुता येतो. जमले नाही म्हणून तोच प्रयोग पुन्हा करण्याची सोय इथे नाही.

जुना होताना जोर वाढवणारा डेव्हलपर

एक्सटॉलकडे वळण्याआधी त्याच्या वडीलधाऱ्या भावाची गोष्ट सांगायला हवी. कोडॅकचाच ‘डी-७६’ हा डेव्हलपर १९२० च्या दशकापासून वापरात आहे आणि त्याची कृती सर्वांना ठाऊक आहे. एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार म्हणजे बोरॅक्स २ ग्रॅम. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन हे दोन क्षपणक. दोघे मिळून जे काम करतात, ते प्रत्येकाच्या वेगवेगळ्या कामाच्या बेरजेपेक्षा जास्त असते. मेटॉल चांदीला इलेक्ट्रॉन देतो आणि हायड्रोक्विनोन मेटॉलला तो परत भरून देतो, असे ढोबळमानाने म्हणता येईल. सल्फाइट हवेतल्या ऑक्सिजनपासून द्रावणाचे रक्षण करते. बोरॅक्स द्रावणाला किंचित अल्कधर्मी ठेवते, कारण हे क्षपणक अल्कधर्मी द्रावणातच नीट काम करतात.

आता गंमत पाहा. हे द्रावण बाटलीत ठेवले की हवेतला ऑक्सिजन, सल्फाइट आणि हायड्रोक्विनोन यांच्यात हळूहळू अभिक्रिया होते आणि तिच्यातून थोडा सोडियम हायड्रॉक्साइड तयार होतो. त्यामुळे द्रावणाचा सामू चढतो. बोरॅक्स फक्त २ ग्रॅम असल्याने हा बदल रोखण्याची ताकद त्याच्यात फारशी नसते. सामू चढला की डेव्हलपरचा जोर वाढतो. म्हणजे काही दिवस ठेवलेला डी-७६ ताज्यापेक्षा जोरकस होतो! आज केलेल्या द्रावणात रोळ धुणारा म्हणेल, “हा डेव्हलपर मऊ चित्र देतो.” तीन आठवडे जुने द्रावण वापरणारा म्हणेल, “छे, चांगला कडक आहे.” दोघांच्या बाटलीवरचे नाव एकच, आतले द्रावण मात्र वेगळे. यावर उपाय म्हणून बोरॅक्सचे प्रमाण वाढवून सोबत बोरिक आम्ल घातलेली कृती पुढे आली. ही जोडी बफरचे काम करते आणि सामू जागच्या जागी ठेवते.

रंग न बदलता संपणारा डेव्हलपर

एक्सटॉलमध्ये मेटॉलही नाही आणि हायड्रोक्विनोनही नाही. मेटॉलमुळे काहींच्या हाताला पुरळ उठते आणि हायड्रोक्विनोन सांडपाण्यात जाणे चांगले नाही. म्हणून त्यांच्या जागी दोन दुसरे पदार्थ आले. एक, फेनिडोनच्या कुळातला डायमेझोन-एस, तोही अगदी अल्प प्रमाणात. दुसरा, सोडियम आयसोअॅस्कॉर्बेट, म्हणजे आपल्या ओळखीच्या क जीवनसत्त्वाचा जवळचा भाऊ. दोघांची रेणुसूत्रे सारखी, फक्त एका कार्बन अणूभोवतीची रचना उलटी. जीवनसत्त्व म्हणून आयसोअॅस्कॉर्बिक आम्लाचा उपयोग नगण्य, पण क्षपणक म्हणून दोघे सारखेच. इथेही तीच जोडगोळी आहे: डायमेझोन चांदीला इलेक्ट्रॉन देतो, अॅस्कॉर्बेट डायमेझोनला तो परत देते.

हायड्रोक्विनोन आणि मेटॉल यांचे ऑक्सिडीकरण झाले की त्यांपासून तपकिरी पदार्थ बनतात. बाटली चहासारखी दिसू लागली की छायाचित्रकार ती ओतून देतो. अॅस्कॉर्बेटचे ऑक्सिडीकरण झाल्यावर जे पदार्थ तयार होतात ते जवळजवळ रंगहीन असतात. म्हणून संपलेले द्रावण आणि ताजे द्रावण नुसत्या नजरेला सारखेच दिसते. पूर्वसूचना न मिळण्याचे कारण हे असे साधे आहे.

पण मृत्यू ‘अचानक’ का? जोडगोळीतला डायमेझोन फार थोडा असतो. अॅस्कॉर्बेटचा साठा आहे तोवर तोच डायमेझोन पुन्हा पुन्हा ताजा होऊन काम करत राहतो. साठा कमी झाला तरी काही काळ फरक दिसत नाही. साठा सरला की मूठभर डायमेझोनला फिल्मचे काम झेपत नाही. घरातल्या टाकीचे पाणी कमी होत असते तेव्हा नळाची धार विशेष बदलत नाही. टाकी रिकामी झाली की मात्र एकाएकी नळ फुसफुसतो. तसेच हे.

पातळ करण्याचे गणित

आता पहिल्या गटाला हा अनुभव का आला नाही, ते पाहू. एक्सटॉलचे मूळ द्रावण पाणी घालून पातळ करूनही वापरतात. सुरुवातीला कोडॅकने एकास एक, एकास दोन आणि एकास तीन अशा तिन्ही प्रमाणांसाठी वेळा दिल्या होत्या. त्याचबरोबर छत्तीस चित्रांच्या एका रोळासाठी किमान १०० मिलिलिटर मूळ द्रावण असावे, अशी सूचनाही होती.

एका रोळाच्या लहान टाकीत साधारण २५० ते ३०० मिलिलिटर द्रावण मावते असे धरू. एकास एक प्रमाणात त्यात १२५ ते १५० मिलिलिटर मूळ द्रावण जाते, म्हणजे गरजेपेक्षा जास्त. एकास तीन प्रमाणात मात्र जेमतेम ६२ ते ७५ मिलिलिटर. मूळ द्रावण अगदी ताजे असेल तर तेही बऱ्याचदा निभावते. पण समजा दोघांच्याही बाटलीतले पाव अॅस्कॉर्बेट हवेने खाल्ले आहे. पहिल्याकडे अजून सुमारे ९४ ते ११२ मिलिलिटर ताज्या द्रावणाइतका साठा उरतो. त्याला फरक जाणवतही नाही. दुसऱ्याकडे ४७ ते ५६ मिलिलिटर इतकाच उरतो आणि त्याचा रोळ फिका येतो. द्रावणात झालेला बिघाड दोघांचा सारखाच, पण एकाजवळ शिल्लक होती आणि दुसरा काठावर उभा होता. पुढे कोडॅकने अधिक पातळ प्रमाणांच्या वेळा देणे थांबवले. ज्याच्याबद्दल विशेष तक्रारी होत्या, ते एक लिटरचे लहान पाकीटही बंद केले आणि पाच लिटरचे ठेवले.

तांब्याची कळशी आणि कल्हई

अॅस्कॉर्बेट काही बाटल्यांत महिनोन्‌महिने टिकते आणि काही बाटल्यांत लवकर मरते, याचे आणखी एक कारण पाण्यात असते. शुद्ध पाण्यात अॅस्कॉर्बेट आणि ऑक्सिजन यांची अभिक्रिया बरीच संथ असते. पण पाण्यात तांबे किंवा लोह यांचे आयन अगदी लेशमात्र असले तरी ते उत्प्रेरकाचे काम करतात. धातूचा आयन अॅस्कॉर्बेटकडून इलेक्ट्रॉन घेतो, ऑक्सिजनला देऊन टाकतो आणि पुन्हा घ्यायला मोकळा होतो. तो स्वतः खर्च होत नाही, म्हणून थोडासाही पुरतो.

याची घरगुती बाजू आपल्याला परिचयाची आहे. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतात, म्हणून त्यांना कल्हई करतात. चव आणि आरोग्य हे कल्हईचे मुख्य कारण. पण तांबे अन्नापासून दूर राहिल्याने क जीवनसत्त्वाचीही बचत होते. एखाद्याच्या नळाचे पाणी तांब्याच्या पाइपातून येते, दुसऱ्याचे गंजलेल्या लोखंडी नळातून, तिसरा ऊर्ध्वपातित पाणी वापरतो. तिघांची पूड एकच, पण द्रावणांचे आयुष्य सारखे असण्याचे कारण नाही.

डेव्हलपर बनवणाऱ्यांना हे ठाऊक असते. म्हणून अशा द्रावणात धातूचे आयन चिमट्यात पकडून ठेवणारा पदार्थ घालतात. प्रयोगशाळेतला नेहमीचा ईडीटीए तांब्याला चांगला आवरतो, परंतु लोह त्याच्या पकडीत असूनही इलेक्ट्रॉनांची देवघेव चालू ठेवते. म्हणून त्याचा भाऊबंद डीटीपीए पसंत केला जातो. तोही मर्यादेतच उपयोगी.

तेवढ्याने भागत नाही

सगळेच मतभेद रसायनातून येतात असे मात्र नाही. डेव्हलपरच्या वेळा बहुधा २० अंश सेल्सियसला दिलेल्या असतात. दोघांच्या तापमापकांत दोन अंशांचा फरक असेल, तर योग्य वेळेत सुमारे सहाव्या हिश्शाचा फरक पडतो. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचेच पाणी ३० अंशांच्या आसपास असते. तिथे बर्फाच्या परातीत टाकी ठेवून काम करणाऱ्याचा अनुभव थंड देशातल्या माणसाशी जुळेलच असे नाही. कोणी टाकी दर मिनिटाला हलवतो, कोणी दर अर्ध्या मिनिटाला.

शिवाय ‘चांगली निगेटिव्ह’ कशाला म्हणायचे, याबद्दलही एकमत नसते. चित्र मोठे करण्याच्या यंत्रात कंडेन्सर भिंगे असतील, तर तीच निगेटिव्ह अधिक कडक चित्र देते. विसरित प्रकाशाचे यंत्र असेल तर मऊ. म्हणून एकाने फिकी ठरवलेली निगेटिव्ह दुसऱ्याला नेमकी हवी असते. इथे दोघांची मोजपट्टीच वेगळी आहे.

आणखी एक गोष्ट विसरू नये. ज्याचा रोळ नेहमीसारखा आला, तो गावभर सांगत सुटत नाही. ज्याचा रोळ कोरा आला, तो दहा जणांना सांगतो. कानांवर आलेल्या तक्रारी मोजून ‘दर शंभरात किती रोळ बिघडले’ हे काढता येत नाही, कारण छेदस्थानी काय लिहायचे ते आपल्याला माहीत नसते. म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. तक्रारीवरून असे घडू शकते एवढे कळते. किती वेळा घडते हे कळत नाही. हा भेद विद्यार्थ्यांना समजला, तर औषधाचे गुण, बियाण्याचे उगवणे, बोअरवेलचा अंदाज अशा कितीतरी बाबतींत तो उपयोगी पडेल.

वर्गात करून पाहा

यासाठी फिल्म किंवा अंधारखोली लागत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारी क जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्या. ती कुटून एक लिटर उकळून गार केलेल्या ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा आणि चमचाभर खाण्याचा सोडा घाला. द्रावणाचा सामू आठच्या आसपास येईल, म्हणजे एक्सटॉलच्या जवळपास. गढूळ वाटल्यास गाळून घ्या. हे द्रावण लगेच सारख्या आकाराच्या चार बाटल्यांत वाटा.

पहिली बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करा. दुसरी अर्धीच भरा. तिसरी अर्धी भरून तिच्यात घासून स्वच्छ केलेल्या तांब्याच्या तारेचा तुकडा टाका. चौथीत तारेबरोबर चिमूटभर ईडीटीए घाला. मग त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने प्रत्येक बाटलीतले १० मिलिलिटर द्रावण काढा. त्यात फेस येणे थांबेपर्यंत व्हिनेगर आणि थोडी साबुदाण्याची किंवा तांदळाची पातळ पेज घाला. टिंक्चर आयोडीन दहापट पातळ करून ड्रॉपरने थेंब थेंब टाका आणि निळा रंग टिकेपर्यंत लागलेले थेंब मोजा. टिंक्चर दोन टक्क्यांचे असेल तर ताज्या द्रावणाला सत्तरएक थेंब लागावेत. थेंबाच्या आकाराप्रमाणे हा आकडा बदलेल. पहिल्या बाटलीतून द्रावण काढल्यावर ती पुन्हा काठोकाठ भरत नाही. म्हणून तिच्याऐवजी तीन लहान कुप्या भरून ठेवाव्यात आणि दर वेळी नवी उघडावी.

यातले एक गणित फळ्यावर जरूर करावे. अर्धा लिटर हवेत सुमारे १०५ मिलिलिटर ऑक्सिजन असतो, म्हणजे साधारण ४.४ मिलिमोल. ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व म्हणजे २.८ मिलिमोल. दोघांचा हिशोब रेणूस रेणू धरला, तरी अर्ध्या रिकाम्या एक लिटरच्या बाटलीतली हवा अख्खी गोळी संपवायला पुरते. डी-७६ साठी भरलेल्या बंद बाटलीत सहा महिने आणि अर्ध्या बाटलीत दोन महिने अशी मुदत का सांगतात, ते यावरून उमगेल.

ज्यांना जुनी कृष्णधवल फिल्म मिळू शकेल, त्यांच्यासाठी आणखी एक प्रयोग आहे. १९९५ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी झटपट कॉफी आणि धुण्याचा सोडा यांच्या द्रावणात फिल्म धुऊन दाखवली. कॉफीतले कॅफेइक आम्ल तिथे क्षपणकाचे काम करते. पुढे हौशी मंडळींनी त्यात क जीवनसत्त्वाची भर घातली.

खात्री कशी करावी?

अनुभवी छायाचित्रकार आज मोलाचा रोळ टाकण्यापूर्वी फिल्मच्या सुरुवातीचा कापून टाकायचा तुकडा डेव्हलपरमध्ये बुडवून पाहतात. मात्र तुकडा काळा झाला एवढ्यावर समाधान मानू नये. भरपूर प्रकाश लागलेली फिल्म अशक्त द्रावणातही काळी पडते, फक्त उशिरा. म्हणून द्रावण ताजे असतानाच एक तुकडा ठराविक वेळ धुऊन जपून ठेवावा आणि पुढे प्रत्येक वेळी तितकाच वेळ धुतलेला नवा तुकडा त्याच्याशेजारी धरून पाहावा. तुलनेशिवाय चाचणी नाही. बाटलीवर द्रावण केल्याची तारीख, पाण्याचा प्रकार आणि पातळ केल्याचे प्रमाण लिहून ठेवले, तर उद्या काही बिघडल्यावर शोध घ्यायला धागा मिळतो. ‘अचानक मृत्यू’ची पुष्कळशी वर्णने अपुरी ठरली ती हा धागा नसल्यामुळे.

आता पुन्हा वर्गातल्या आठ गटांकडे येऊ. त्यांच्यापैकी एकाने पाणी हातपंपाचे घेतले असेल, एकाची बाटली तासभर उघडी राहिली असेल, एकाने थेंब मोठे टाकले असतील. त्यांच्या वहीत उत्तराबरोबर या गोष्टीही लिहिलेल्या असतील, तर आठ निराळी उत्तरे म्हणजे आठ चुका राहत नाहीत. कोणत्या कारणाने उत्तर किती सरकते, हे सांगणारी ती आठ निरीक्षणे होतात. पुढच्या वेळी शेरा मारण्यापूर्वी त्या गटाला एवढेच विचारून पाहावे: “पाणी कुठले घेतले होते?”